लावणीनंतरचा ताप : ‘लेप्टो’ची रक्ततपासणी कशी घडली आणि ती केव्हा करावी?

कोकणात मृगाचा पाऊस स्थिरावला की तरवा उगवून येतो आणि आषाढात चिखलणी व लावणीची घाई सुरू होते. घरातील सर्व माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात उभी असतात. लावणी आटोपते न आटोपते तोच गावात तापाचे रुग्ण दिसू लागतात. थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या व कंबर इतकी दुखते की उठवत नाही. ‘पावसात भिजलो, चिखलात राबलो, अंग दुखणारच’ असे म्हणून पहिले तीन-चार दिवस काढा आणि दुकानातून आणलेली गोळी यांवर निघून जातात. बहुतेकांचा ताप उतरतोही. परंतु त्यातील एखाद्याचे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, खोकल्यातून रक्त पडते. त्याला तालुक्याला आणि तेथून जिल्ह्याला नेईपर्यंत मूत्रपिंडे निकामी झालेली असतात.

असा ताप अनेकदा लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा असतो. खेड्यापाड्यांत त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. हा रोग साध्या व स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होतो. तरीही माणसे दगावतात, कारण तो वेळेवर ओळखला जात नाही. सन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जगात दरवर्षी सुमारे १० लाख ३० हजार लोकांना हा रोग होतो व सुमारे ५८ हजार ९०० लोक त्याने मरण पावतात. त्यांत उष्ण व दमट प्रदेशांत शेती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. म्हणूनच रक्ततपासणीतून हा रोग कसा ओळखतात, त्या तपासण्या कशा तयार झाल्या आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे शेतकऱ्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

रोग शेतात कसा पोहोचतो?

लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदीर, घूस, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा इत्यादी प्राण्यांच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला त्यापासून काहीच त्रास होत नाही. तो दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, आपल्या मूत्रावाटे हे जिवाणू बाहेर टाकत राहतो. भातखाचरांच्या बांधांत उंदरांची बिळे असतात. पावसाचे पाणी बिळांत शिरते आणि बांधावरील घाण खाचरात उतरते. ओलसर माती व साचलेल्या पाण्यात हे जिवाणू बरेच दिवस जिवंत राहतात. कडक ऊन व कोरडेपणा मात्र त्यांना सहन होत नाही.

माणसाच्या शरीरात ते जखमेवाटे, ओरखड्यावाटे, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेवाटे शिरतात. सतत पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा ही त्यांना उघडी दारेच होत. शरीरात शिरल्यापासून साधारणतः ५ ते १४ दिवसांत ताप येतो. क्वचित हा काळ २ दिवसांपासून ३० दिवसांपर्यंत असू शकतो. म्हणून ताप आला की मागील महिनाभरात आपण कोठे व कोणत्या पाण्यात काम केले, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. ही माहिती निदानासाठी तपासणीच्या अहवालाइतकीच मोलाची असते.

लक्षणे फसवी का ठरतात?

लेप्टोचा ताप सुरुवातीला मलेरिया, डेंगी, विषमज्वर, स्क्रब टायफस किंवा साध्या फ्लूसारखाच दिसतो. डोळे लाल होणे, परंतु त्यांतून पू न येणे, आणि पोटऱ्या दाबल्यावर जबर दुखणे ही दोन लक्षणे लेप्टोकडे बोट दाखवतात. तथापि ती प्रत्येक रुग्णात आढळतीलच असे नाही. कावीळ झाली की संशय बळावतो, पण तोवर रोग पुढे गेलेला असतो.

लक्षणांवर विसंबल्याने जाणते शास्त्रज्ञही कसे चुकले याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. हिदेयो नोगुची हे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेत काम करीत. सन १९१८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात पीतज्वराची साथ होती. तेथील रुग्णांच्या रक्तापासून त्यांना लेप्टोस्पायरा जिवाणू मिळाला आणि पीतज्वराचे कारण हेच, असे त्यांनी जाहीर केले. त्यावर लसही तयार करण्यात आली. परंतु ज्यांच्यापासून जिवाणू मिळाला ते रुग्ण पीतज्वराचे नसून लेप्टोचे असले पाहिजेत, असे पुढे दिसून आले. दोन्ही रोगांत ताप व कावीळ असते, त्यामुळे ही गफलत झाली. पीतज्वर विषाणूमुळे होतो हे १९२७ मध्ये सिद्ध झाले. नोगुची यांचा मृत्यू १९२८ साली आफ्रिकेत पीतज्वरानेच झाला. नुसते पाहून निदान करण्यात केवढा धोका असतो, हे यावरून ध्यानात यावे.

जिवाणूचा शोध

या रोगाच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन जर्मनीतील अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ साली केले. ताप, कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड अशा या स्वरूपास आजही ‘वाइलचा रोग’ म्हणतात. सन १९०७ मध्ये स्टिमसन यांना एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असल्याने ते प्रश्नचिन्हासारखे भासत. म्हणून त्यांनी जिवाणूस ‘इंटरोगन्स’ म्हणजे ‘प्रश्न विचारणारा’ असे नाव दिले. हाही रुग्ण पीतज्वराने मेला असेच त्या वेळी समजले जात होते.

रोगाचे कारण निश्चित झाले ते १९१५ च्या सुमारास. जपानच्या क्युशू बेटावरील कोळसा खाणींत ओल्या जागी काम करणाऱ्या मजुरांत हा रोग होता. इनादा व इदो या शास्त्रज्ञांनी रुग्णाचे रक्त गिनीपिग प्राण्यांना टोचून जिवाणू वेगळा केला. त्याच सुमारास जर्मनीतही पहिल्या महायुद्धातील खंदकांत राहणाऱ्या सैनिकांच्या आजारातून हाच जिवाणू मिळाला. खाण काय, खंदक काय आणि भातखाचर काय, ओल, उंदीर आणि अनवाणी पाय ही तीन कारणे सगळीकडे सारखीच होती.

हा जिवाणू सुमारे ६ ते २० मायक्रोमीटर लांब, पण जाडीला जेमतेम ०.१ मायक्रोमीटर असतो. इतका बारीक असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू चमकताना दाखवणारा खास सूक्ष्मदर्शक लागतो. त्यातही रक्तातील तंतूंमुळे नजरेची फसगत होते. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून खात्री करता येते, परंतु त्याची वाढ फार सावकाश होते. त्यास कित्येक आठवडे, काही वेळा तीन महिनेही लागतात. तोपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा हाती राहिलेला नसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी जिवाणूऐवजी त्याने रक्तात मागे ठेवलेली खूण शोधण्याचा मार्ग धरला.

रक्तातील खूण : प्रतिपिंडे

रात्री शेतात कोणी येऊन गेले तर सकाळी माणूस दिसत नाही, पण चिखलात त्याचे पाऊल दिसते. जिवाणूचेही तसेच आहे. शरीरात जिवाणू शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती त्या जिवाणूच्या मापाची असल्याने त्यालाच चिकटतात. अशी प्रतिपिंडे सापडली की जिवाणू येऊन गेला असे समजते.

मात्र येथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, हे पाऊल उमटण्यास वेळ लागतो. ताप सुरू झाल्यापासून साधारण पाच ते सात दिवसांनी प्रतिपिंडे मोजण्याइतकी वाढतात. दुसरी अशी की, उमटलेले पाऊल लवकर पुसले जात नाही. प्रतिपिंडे रक्तात कित्येक महिने आणि काही जणांत वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे सापडलेली खूण आजच्या तापाची की मागल्या पावसाळ्यातील, हे ठरवावे लागते. लेप्टोच्या रक्ततपासणीचा पुढील सारा इतिहास म्हणजे या दोन अडचणींवर मात करण्याचा प्रयत्न आहे.

पहिली खात्रीची तपासणी : मॅट

पॅरिसमधील मार्टिन व पेटी यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले की, रुग्णाच्या रक्तजलात जिवंत लेप्टोस्पायरा मिसळल्यास ते एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. ताक घुसळताना लोण्याचे कण एकत्र येऊन गोळा होतो, काहीसे तसेच हे घडते. निरोगी माणसाच्या रक्तजलात गुठळ्या होत नाहीत. याच तत्त्वावरील तपासणीला ‘मॅट’ म्हणतात. शंभर वर्षे उलटली तरी इतर तपासण्या याच कसोटीवर घासून पाहिल्या जातात.

या तपासणीत रुग्णाचे रक्तजल टप्प्याटप्प्याने दुप्पट पातळ करीत जातात व प्रत्येक टप्प्यात जिवाणू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्या शेवटच्या टप्प्यापर्यंत निम्मे जिवाणू गुठळ्यांत अडकलेले दिसतात, तो आकडा अहवालात लिहितात. पहिला नमुना तापाच्या सुरुवातीस आणि दुसरा साधारण दोन आठवड्यांनी घेतात. दुसऱ्या नमुन्यातील आकडा पहिल्याच्या चौपट किंवा त्याहून अधिक निघाला तर संसर्ग ताजा आहे, हे पक्के होते. जुन्या पावलाची अडचण अशा रीतीने दूर होते.

परंतु ही तपासणी करणे सोपे नाही. भाताच्या जशा जया, रत्ना, कर्जत १८४ अशा अनेक जाती आहेत, तसे रोगकारक लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत. एका उपप्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या गुठळ्या करतीलच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेत त्या भागातील अनेक उपप्रकार जिवंत ठेवावे लागतात. बियाणे संशोधक जसे मूळ बियाणे वर्षानुवर्षे शुद्ध जपतो, तसे हे जिवाणू सतत नव्या माध्यमात घालून जपावे लागतात. जिवंत रोगजंतू हाताळण्याचा धोका असतो आणि गुठळ्या ओळखण्यास अनुभवी नजर लागते. त्यामुळे मॅट मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांतच होते. शिवाय दुसऱ्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असते. साथीचा शोध घेण्यास ही तपासणी उत्तम आहे, परंतु खाटेवरील रुग्णाला तिचा तातडीने उपयोग होत नाही.

अंदमानचा अनुभव

रक्ततपासणीचे महत्त्व अंदमान बेटांवरील अनुभवावरून चांगले कळते. उत्तर अंदमानमधील डिगलीपूर भागात १९८८ पासून पावसाळ्यानंतर तापाची साथ येऊ लागली. रुग्णांना ताप येई, खोकल्यातून रक्त पडे व काही जण दगावत. कारण कळत नसल्याने या आजारास ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असे नाव पडले. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) येथील भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ च्या साथीतील रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली. तेव्हा हा गूढ ताप म्हणजे लेप्टोच असल्याचे दिसून आले. त्याने फुप्फुसांत रक्तस्राव होत होता. विशेष म्हणजे, अंदमानात लेप्टो असल्याचे टेलर व गोयल यांनी १९३१ सालीच लिहून ठेवले होते. मधल्या काळात त्याचा विसर पडला होता.

नाव बदलल्याने उपचार बदलला. कारण न कळणारा ताप म्हटल्यावर डॉक्टरांचे हात बांधले जातात. तोच लेप्टो आहे असे कळले की पेनिसिलीन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी परिचित औषधे हाती येतात. महाराष्ट्रातही २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कोकणातील भातपट्टा आणि दक्षिण गुजरातमधील भात व उसाचा पट्टा येथेही या रोगाने शेतकऱ्यांना ग्रासले आहे.

एलायझा आणि पट्टीचे संच

तालुक्याच्या प्रयोगशाळेत होऊ शकेल, जिवंत रोगजंतू लागणार नाहीत आणि एकाच नमुन्यावर उत्तर मिळेल अशी तपासणी हवी होती. सन १९७१ मध्ये एलायझा हे तंत्र पुढे आले. प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्यांच्या तळाला जिवाणूचे घटक चिकटवून ठेवतात. त्यात रुग्णाचे रक्तजल घातल्यावर प्रतिपिंडे असल्यास ती तळाला चिकटतात. नंतर रंग आणणारे द्रव्य घातले की वाटीतील पाण्याला रंग चढतो. रंग जितका गडद तितकी प्रतिपिंडे अधिक. वाचन यंत्राने होत असल्याने नजरेवर अवलंबून राहावे लागत नाही.

ॲमस्टरडॅम येथील उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत १९८० च्या दशकात हे तंत्र लेप्टोसाठी बसवण्यात आले. संसर्गानंतर प्रथम तयार होणाऱ्या प्रतिपिंडांना ‘आयजीएम’ म्हणतात. ती शोधल्यास ताज्या संसर्गाचा अंदाज एकाच नमुन्यावरून येतो. उपप्रकारांची अडचणही एका युक्तीने कमी झाली. पाण्यात राहणारा, रोग न करणारा ‘पॅटॉक’ नावाचा लेप्टोस्पायरा आहे. त्याचे घटक अनेक रोगकारक उपप्रकारांशी मिळतेजुळते असल्याने निरनिराळ्या रुग्णांची प्रतिपिंडे त्याला चिकटतात. त्यामुळे धोका नसलेला एकच जिवाणू वापरून संच तयार करता येतो.

पुढे याच तत्त्वावर पट्टीचे जलद संच आले. पट्टीवर रक्तजलाचे थेंब टाकले की काही मिनिटांत रेघ उमटते. वीज, यंत्र वा मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वी पट्टीवर रेघ येणार नाही, ही मूळची मर्यादा येथेही कायम राहते.

तपासणीची पारख कशी करतात?

नवीन तपासणी तयार झाली की ती लगेच वापरात आणत नाहीत. आपण बियाणे पेरण्यापूर्वी उगवणशक्ती पाहतो, तशी तपासणीचीही पारख करतात. ज्यांना लेप्टो झाल्याचे मॅट वा जिवाणूच्या वाढीवरून पक्के ठरले आहे अशांचे रक्त, निरोगी माणसांचे रक्त आणि मलेरिया, डेंगी, विषमज्वर असे इतर ताप असलेल्यांचे रक्त घेऊन तिच्या दोन परीक्षा घेतात. खऱ्या रुग्णांपैकी ती किती जणांना पकडते, ही पहिली. रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते, ही दुसरी.

धान्याच्या चाळणीवरून हे समजेल. भोके मोठी ठेवली तर खड्याबरोबर दाणेही खाली पडतात. भोके लहान ठेवली तर दाण्यांबरोबर खडेही वर राहतात. तपासणीत ‘एवढा रंग आला तर रोग आहे’ अशी जी रेषा ठरवतात, ती म्हणजेच चाळणीचे भोक. रेषा खाली आणली तर निरोगी माणसेही रुग्ण ठरतात आणि वर नेली तर खरे रुग्ण सुटतात. ही रेषा स्थानिक लोकांच्या रक्तावरून ठरवणे फार महत्त्वाचे आहे. थंड देशातील शहरी माणसाच्या रक्तात लेप्टोची प्रतिपिंडे सहसा नसतात. दरवर्षी चिखलात राबणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या रक्तात ती थोड्या प्रमाणात आधीपासूनच असू शकतात. परदेशी रेषा जशीच्या तशी वापरली तर निष्कर्ष चुकतात.

एक हिशेब पाहू. समजा, आरोग्य केंद्रात तापाचे १०० रुग्ण आले. त्यांपैकी १० जणांना खरोखर लेप्टो आहे. हाताशी असलेली तपासणी १० पैकी ८ रुग्ण पकडते आणि रोग नसलेल्या ९० पैकी ८१ जणांना बरोबर सोडते. म्हणजे ८ खरे व ९ खोटे मिळून १७ जणांचा अहवाल ‘आहे’ असा येईल. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना लेप्टो नसेल. उलट ‘नाही’ असा अहवाल मिळालेल्या ८३ जणांत २ खरे रुग्ण सुटलेले असतील. आता समजा, लावणीनंतर गावात साथ आहे आणि १०० पैकी ५० जणांना लेप्टो आहे. मग तीच तपासणी ४० खरे व ५ खोटे रुग्ण दाखवेल. संच तोच, पण त्याच्या ‘आहे’ या उत्तराचा भरवसा कितीतरी वाढला. साथीत ‘नाही’ असे सांगितलेल्या ५५ जणांत मात्र १० रुग्ण सुटतील. म्हणूनच डॉक्टर केवळ अहवालावर निर्णय न घेता लक्षणे, पावसाचा हंगाम, रुग्णाचे काम व पाण्याशी आलेला संपर्क या सर्वांची बेरीज करतात.

पहिल्या आठवड्यासाठी पीसीआर

प्रतिपिंडे उशिरा येतात म्हणून पहिल्या काही दिवसांत पुन्हा जिवाणूकडेच वळावे लागते. त्या काळात जिवाणू रक्तात असतात, पण त्यांची संख्या कमी असते. पीसीआर तंत्राने जिवाणूच्या आनुवंशिक द्रव्याचा ठरावीक तुकडा लक्षावधी पटींनी वाढवता येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे तंत्र लेप्टोसाठी वापरात येऊ लागले. रोगकारक लेप्टोस्पायरात आढळणाऱ्या व निरुपद्रवी जातींत नसलेल्या एका प्रथिनाची खूण त्यासाठी फार उपयोगी ठरली आहे. पाण्यातील निरुपद्रवी लेप्टोस्पायरामुळे होणारा घोटाळा त्यामुळे टळतो.

पीसीआरसाठी रक्त तापाच्या पहिल्या आठवड्यात आणि शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागते. यंत्र महाग असते व प्रशिक्षित माणूस लागतो. एकाच तापमानात हे काम उरकणारे लॅम्प नावाचे तंत्र २००० साली जपानमध्ये पुढे आले. लेप्टोसाठी त्याचेही प्रयोग झाले आहेत. डेंगीत पहिल्याच दिवसांत विषाणूचे प्रथिन दाखवणारी पट्टी सर्वत्र मिळते. तशी पहिल्या दिवशी भरवशाचे उत्तर देणारी पट्टी लेप्टोसाठी अद्याप रुळलेली नाही. संशोधनाची आजची खरी निकड तीच आहे.

कोणत्या दिवशी कोणती तपासणी?

१) ताप आल्यापासून पहिला आठवडा : पीसीआरसाठी रक्त द्यावे. एलायझा किंवा पट्टीचा अहवाल या काळात ‘नाही’ आला तरी रोग नाही असे समजू नये.

२) सहाव्या-सातव्या दिवसानंतर : आयजीएम एलायझा किंवा पट्टीची तपासणी उपयोगी पडते.

३) साधारण दोन आठवड्यांनी : मॅटसाठी दुसरा नमुना द्यावा. बरे वाटू लागल्यावर अनेक जण हा नमुना द्यायला जात नाहीत. तथापि आपल्या भागात कोणता उपप्रकार आहे, तो उंदरांपासून येतो की जनावरांपासून, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. गावाच्या दृष्टीने हा नमुना अत्यंत मोलाचा आहे.

४) मलेरिया व डेंगीची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. एकाच माणसाला दोन रोग असू शकतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लेप्टोचा संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि तेच योग्य आहे. चौथ्या दिवशी केलेल्या तपासणीत ‘नाही’ आले म्हणून गोळ्या बंद करून पुन्हा लावणीला उभे राहणे जीवावर बेतू शकते.

गोठ्यातील रक्ततपासणी

गाई-म्हशींत हा रोग बहुधा छुप्या स्वरूपात असतो. गाभण जनावर गाभडणे, अशक्त वासरू जन्मणे, जनावर वारंवार उलटणे, दूध एकाएकी कमी होणे ही त्याची लक्षणे होत. गाभडण्याला ब्रुसेलोसिससारखी इतरही कारणे असतात. त्यामुळे लक्षणांवरून निदान न करता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत रक्तजलाची तपासणी करून घ्यावी. एकाच जनावराच्या रक्तावरून गोठ्याचा अंदाज येत नाही, म्हणून गाभडलेल्या जनावरांबरोबर इतर काही जनावरांचे नमुने द्यावेत. गाभडलेला गर्भ व जार उघड्या हातांनी उचलू नये. तो खोल पुरावा व त्यावर चुना टाकावा. जनावरांच्या मूत्राचे पाणी विहिरीकडे किंवा खाचराकडे वाहू देऊ नये.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) लावणीपूर्वी, जमीन कोरडी असतानाच, संपूर्ण वाडीने मिळून उंदीर नियंत्रणाची मोहीम घ्यावी. एकट्याने केल्यास शेजारच्या बांधातील उंदीर पुन्हा येतात. विषारी आमिषाचा वापर कृषी सहायकांच्या सल्ल्याने करावा. मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करून खोल पुरावेत.

२) हातापायांवर जखम किंवा चिखल्या असल्यास शक्यतो चिखलात उतरू नये. उतरणे भागच असल्यास जखम जलरोधक पट्टीने झाकावी. शक्य तेथे गमबूट वापरावेत.

३) काम संपल्यावर हातपाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवून कोरडे करावेत. खाचरातील पाण्याने तोंड धुऊ नये.

४) पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. घरातील धान्य व अन्न उंदरांपासून सुरक्षित ठेवावे.

५) घरातील कुत्र्याला पशुवैद्यकाकडून लस टोचून घ्यावी. कुत्र्यांसाठी लेप्टोचा समावेश असलेली लस मिळते.

६) उत्तर अंदमानात झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन दिल्याने संसर्ग टळला नाही, परंतु आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. असे प्रतिबंधक औषध आरोग्य विभागाच्या सल्ल्यानेच घ्यावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ते आपल्या मनाने कधीही देऊ नये.

७) लावणीच्या काळात ताप आल्यास दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ‘मी भातशेतीत काम करतो’ हे वाक्य न विचारताही सांगावे. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला याची नोंद ठेवावी, कारण कोणती तपासणी करावयाची हे त्या तारखेवरूनच ठरते.

८) लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात हलवावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पिकावर करपा दिसताच आपण पान तोडून कृषी अधिकाऱ्यांकडे नेतो. मातीचा नमुना तर पेरणीपूर्वीच देतो. तीच तत्परता आपल्या व घरच्यांच्या तापाबाबत दाखवावी. लावणी चार दिवस मागे पडली तर शेजारी हात लावून ती पुरी करतील. तापातील पहिले चार दिवस वाया गेले तर ते मात्र कोणालाही भरून देता येणार नाहीत.